इंदरशेठ आणि तुझी साखळी

शालन, तुझं तेरावं उरकलं, पाव्हणंरावळं आपापल्या गावाला गेलं, आणि आज सकाळी रूपालीनं तो विषय परत काढला. आपल्या सुनेचं तुला ठाऊकच आहे, मनात आलं की बोलून मोकळी. चहाचा कप माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "आबा, वेबसाइटचं आता काय करायचं? इंटरसेप्टर ठेवायचे का साखळी?" माझ्या तोंडातनं सवयीनं गेलं, "तुझ्या आत्याला बोलव. ती आल्याबिगार भांडण रंगत न्हाय." तिची आत्या म्हणजे तूच, हे बोलून गेल्यावर ध्यानात आलं. सुनेनं कप माझ्याकडं सरकवला. मग म्हणाली, "मी पण तेच म्हणणार होते."

म्हणून लिहायला बसलो. चौथीतनं शाळा सुटलेला माणूस मी. पुढचं लिहिणं कंपनीच्या गेटवर शिकलो, ट्रकचे नंबर आणि ड्रायव्हरची नावं लिहून लिहून. त्यापलीकडं कधी काही लिहिलं नाही. पण आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि रूपालीला उत्तर आता माझ्याकडनं पाहिजे. तुझ्यापुढं कधी जिंकायला मिळालं नाही, ते आज न भांडता मिळतंय. आणि ते घ्यावंसं वाटंना. तेव्हा पहिल्यापासनं सगळं तुझ्यापुढं मांडतो. मधी बोलायची तुझी खोड होती, ती ह्या खेपेला चालणार नाही.

तुझं काम मूळचं फोनवरचं. बारामतीच्या एखाद्या सोसायटीतनं नाहीतर कॅन्टीनमधनं फोन यायचा, मावशी, उद्याला मेथी पाहिजे. तू आधी मंगलला विचारायचीस, "मंगल, मेथी हाय का? जमल का?" मंगल म्हणजे आपल्या बांधाला बांध असलेली, तुमच्या भाजीच्या गटातली सगळ्यात बोलकी बाई. तिला जमलं की विषय संपला. नाही जमलं तर पुढचीला, तिला नाही तर तिच्या पुढचीला. आज मंगल पहिली, तर उद्या ती शेवटाला. मी एकदा म्हणालो, "रोज एकाच वळीनं इचार की, सोपं जाईल." तू म्हणालीस, "सोपं तुमाला जाईल. मागं बसणारीला रोज उरलंसुरलंच मिळंल."

मग आपल्या विकासचं लग्न झालं आणि रूपाली घरात आली. पुण्याच्या कंपनीचं काम ती लासुर्ण्यात बसून कॉम्प्युटरवर करते, याचं गावाला नवल आणि तुला कौतुक. भाकरी थापताना तुझा फोन, न्हाणीत गेलीस की तुझा फोन, हे बघून तिनंच तुमच्या गटाची वेबसाइट करायला घेतली. लोकांनी मोबाइलवर मागणी टाकायची, ती बायकांच्या मोबाइलवर यायची, एवढं साधं. मला तरी ते साधं वाटलं होतं.

त्या संध्याकाळी आपण तिघं ओट्यावर घेवडा निवडत होतो. रूपाली म्हणाली, मागणी आत कशी न्यायची याच्या दोन रीती आहेत. "एक साखळी. तिला आमच्यात चेन ऑफ रिस्पॉन्सिबिलिटी म्हणतात. मागणी पहिल्याकडं जाते. त्याचं काम असलं तर तो करतो आणि मागणी तिथंच थांबते. नसलं तर तो पुढच्याकडं देतो."

"हे तर मी करतीयाच," तू म्हणालीस.

"दुसरे इंटरसेप्टर. ते वाटेत उभे असतात. मागणी आत जाताना बघतात. काम दुसरंच कुणीतरी करतं. मग उत्तर बाहेर निघालं की ते परत बघतात. आत जाताना जो पहिला भेटतो, तो बाहेर येताना सगळ्यात शेवटी भेटतो."

मी घेवडा खाली ठेवला. कंपनीत दोन गेटं होती, बाहेरचं माझं आणि आत स्टोअरचं. ट्रक आत जाताना आधी मी बघायचो, मग स्टोअरचा वॉचमन. येताना आधी स्टोअर, मग मी. "अगं, म्हंजी ह्यो मीच की," मी म्हणालो.

"कोण म्हणलीस? इंदरशेठ?" तू विचारलंस. रूपालीनं नाव सावकाश फोडून सांगितलं. तुला ते म्हणता आलं नाही का तू मुद्दाम म्हटलं नाहीस, हे मला अजून कळलेलं नाही. तू म्हणालीस, "जाताना बघतंय, येताना बघतंय, आणि काम एकबी करत न्हाय. रूपाली, ह्यो इंदरशेठ माझ्या घरातच हाय गं, लय वर्सं झाली." रूपालीला हसून ठसका लागला. त्या दिवसापासनं घरात त्याचं नाव इंदरशेठच पडलं. तिच्या पुण्याच्या कंपनीतसुद्धा लोक आता तसंच म्हणतात, असं ती सांगते. पुण्याला तू कधी राहिली नाहीस, पण तुझा एक शब्द तिथं नोकरीला लागला.

पहिल्यांदा रूपालीनं तुझी साखळी केली. ती म्हणाली, फ्रेमवर्क म्हणून एक असतं, ते म्हणजे बांधून मिळालेलं घर. त्यात इंटरसेप्टरची जागा आयती ठेवलेली असते, साखळी मात्र आपली आपल्याला बांधावी लागते. तरी तिनं बांधली. मागणी मंगलच्या मोबाइलवर जायची, ती "जमल" नाहीतर "पुढं द्या" दाबायची. बायकांची ओळ रोज बदलायची, तुझ्या सांगण्याप्रमाणं. बायका खूश होत्या.

क्रेट मात्र परत येईनात. भाजी क्रेटमधी जायची आणि रिकामी क्रेट बारामतीतच राहायची. कुणाच्या गॅलरीत, कुणाच्या जिन्याखाली. मी म्हणालो, "तुझ्या साखळीत मागणी घेतली की संपलं. परत काय आलं ते बघायला कोण हाय?" तू म्हणालीस, "येतील. लोक काय क्रेट खाणार हायत व्हय?" नाही आल्या. एका बाईनं त्यात कोरफड लावलेली मी स्वतः बघितली.

मग माझी पाळी आली. रूपालीनं साखळीच्या जागी माझ्या म्हणण्याप्रमाणं इंदरशेठ उभा केला. नाव बरोबर आहे का, पत्ता आहे का, मागची क्रेट परत आली का. नसली आली तर मागणी दारातनंच माघारी. आठवड्याच्या आत क्रेट यायला लागल्या. मी ओट्यावर पाय पसरून बसायला लागलो. तू काही बोलत नव्हतीस, त्याच्यावरनं मला कळायला पाहिजे होतं.

बारामतीच्या त्या रिटायर मास्तरीणबाई तुला आठवतात. एकट्या राहायच्या, दोन जुड्या मेथीच्या वर काही मागायच्या नाहीत. त्यांच्याकडं एक क्रेट राहिली होती, कारण उचलून खाली आणायला माणूस नव्हतं. इंदरशेठनं त्यांना तीनदा माघारी लावलं. आत कुणाला पत्ताच नाही. शेवटी बाईंनी तुला फोन केला, "मावशी, माझं काही चुकलं का?" तू फोन ठेवलास आणि सरळ माझ्यापुढं येऊन उभी राहिलीस.

"अवं, माणूस दारात येऊन गेलं आणि आत सांगितलं बी न्हाय?"

"क्रेट बाकी हुती."

"क्रेट बाकी हुती तर मला सांगायचं. मी इचारलं असतं, का राहिली. तुमचा इंदरशेठ इचारतो का?"

"त्याला इचारायचं काम दिलेलं न्हाय."

"मग त्याला माघारी लावायचं काम कुणी दिलं?"

रूपालीनं इंदरशेठ काढला आणि तुझी साखळी परत लावली. पण क्रेटचं माझं बरोबर होतं, हे आजही म्हणतो. तुझ्या साखळीला येणारं काही दिसत नव्हतं आणि माझ्या गेटाला आतलं काही ऐकू जात नव्हतं. दोघांनी आपापलं धरून ठेवलं. जेवताना भांडलो, शेळीची धार काढताना भांडलो. विकास ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायचा. आता त्या भांडणाशिवाय घर सपक लागतंय. तू होतीस तोवर एकही जेवण मुकाट्यानं झालं नाही, हे केवढं देणं होतं ते आत्ता समजतंय.

तुझ्या साखळीत एक गोष्ट होती, ती मी तेव्हा धरलीच नव्हती. रूपालीनं तुला विचारलं होतं, "आत्या, सगळ्याच जणींनी पुढं दिली तर?"

"मग मी हाय."

"तुमच्याकडं पण नसलं तर?"

"मग मी फोन करून सांगीन, न्हाय म्हणून."

"त्याला एक मेसेज आपोआप जाईल, आत्या. तुम्ही कशाला त्रास घेता?"

"मेसेजनं न्हाय. व्हय म्हणायला मशीन चालंल. न्हाय म्हणायला माणूस लागतं."

म्हणून साखळीच्या शेवटी रूपालीनं तुझा नंबर घातला. ज्याचं कुणाकडंच काही नाही ते तुझ्याकडं. तुझं ते नाही म्हणणं मी ओट्यावरनं रोज ऐकायचो. "ताई, गवार न्हाय आज. हाय ती जून हाय, तुमाला देऊन माझं नाव घालवत न्हाय." एवढ्यावर थांबायची नाहीस. घरात कोण आजारी, कुणाचा पेपर, कुणाचं डोहाळजेवण, सगळं विचारून मग फोन ठेवायचीस. मी म्हणायचो, "न्हाय म्हणायला येवढा येळ?" तू म्हणायचीस, "व्हय म्हणायला कुठं येळ लागतोय."

दवाखान्यातलं तुला ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण ते मला कुठंतरी ठेवायचं आहे. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून विकासला बाजूला घेतलं. विकासनं बाहेर येऊन रूपालीला सांगितलं आणि म्हणाला, आईला तू सांग, ती तुझं ऐकते. रूपालीनं मला खाली चहाच्या टपरीवर नेलं आणि म्हणाली, आबा, हे तुम्हीच सांगायला पाहिजे. माझ्या पुढं द्यायला कुणी उरलं नव्हतं. मी येऊन स्टुलावर बसलो. मोसंबी सोलली. मंगलच्या मेथीवर माव्याची कीड पडलीय ते सांगितलं. परत दुसरी मोसंबी घेतली. तू बघत होतीस. मग म्हणालीस, "पोरानं सुनंकडं दिलं, सुनंनं तुमच्याकडं. आता तुमी कुणाकडं द्यायच्या इचारात हाय?"

मी फोडीतल्या बिया काढायला लागलो.

"ऱ्हाऊ द्या. मला कळलंय. तुमी सांगू नगा. ती फोड द्या हिकडं."

शालन, मला जे सांगायला जीभ नव्हती ते तू माझ्या हातातनं काढून घेतलंस. आणि वर मोसंबी आंबट निघाली म्हणून मलाच बोललीस, म्हणजे मला तोंड उघडायला जागा झाली. एवढा मोठा उपकार माझ्यावर दुसऱ्या कुणी केलेला नाही. त्या वेळी म्हणायचं राहिलं. आता म्हणतो.

त्याच पलंगावर पडून तू कुणाला तरी शेवगा नाही म्हणून सांगत होतीस. नर्स सुई घेऊन उभी, आणि तू तिला हातानं थांब म्हणत होतीस. माझ्याकडं बघून ती हसली. मी हसलो नाही. मला तेव्हा तो फोन फेकून द्यावासा वाटला होता. आता वाटतं, बरं झालं तुझ्या हातात तो होता.

तर आत्ताचं असं आहे. तुझा फोन बंद करून कपाटात ठेवलाय. साखळी तशीच चालू आहे. बायका घेतात त्या मागण्या जातात. ज्या कुणी घेत नाही त्या शेवटाला जातात, आणि शेवटाला कुणी नाही. रूपाली म्हणाली, "आबा, त्या तिथनं खाली पडतायत. लोकांना हो पण कळत नाही आणि नाही पण कळत नाही." एका कॅन्टीनवाल्यानं दुसरीकडनं भाजी घ्यायला सुरुवात केली. हे असंच चाललं तर गट मोडायला वेळ लागणार नाही.

तिचं म्हणणं, साखळी काढून टाकू. कुणाकडं काय आहे ते बायकांनी सकाळी भरायचं, मशीन बघून वाटून देईल. कुणाकडंच नसलं तर आपोआप मेसेज जाईल. जाता-येता बघायला इंदरशेठ दोन्हीकडं. "चांगलं चालेल, आबा. आणि नोकरी सांभाळून मला एवढंच जमण्यासारखं आहे." पोरगी खोटं बोलत नव्हती. चालेलच. माझंच तर म्हणणं ते. मी फक्त बरं म्हणायचं होतं.

दुपारी मंगल आली. तिच्याही कानावर गेलं होतं. दारातच उभी राहिली, बस म्हटलं तरी बसंना.

"आबा, मशीननं वाटून दिलं तर माझं काय जातंय. माल तर इकतोय."

"मग बोल की काय हाय ते."

"गेल्या साली माझा मालक गाडीवरनं पडला, तवा मला रानाकडं बघायला फावलं न्हाय. शालनबाय रोज इचारायची, मंगल, जमल का गं? न्हाय म्हणालीस तरी तुझा नंबर जात न्हाय, उद्या परत इचारती. आणि उद्या परत इचारायची." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मशीनला न्हाय कसं म्हणायचं, ते तेवढं सुनंला इचारा."

मशीनला नाही म्हणता येतं, रूपालीनं मला सांगितलं, एक बटण ठेवता येतं. पण मंगल बटणाचं विचारत नव्हती, एवढं मला कळतं.

जेवायला बसल्यावर मी रूपालीला म्हणालो, "साखळी ऱ्हाऊ दे."

"आणि इंदरशेठ?"

"दारात उभा कर. क्रेट जाताना बघू दे, येताना बघू दे. पर कुणाला माघारी लावायचा हक्क त्याला न्हाय. काय बघितलं ते त्यानं आत सांगायचं. काय करायचं ते आतलं माणूस बघंल."

"म्हणजे दोन्ही," रूपाली म्हणाली.

"तुला हे आधीपासनं ठावं हुतं का गं?"

"होतं की. बहुतेक ठिकाणी दोन्ही लागतातच. सगळ्यांना लागू असतं ते इंटरसेप्टरमध्ये, आणि हे काम कुणी घ्यायचं हा प्रश्न असला की साखळी."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुमचं दोघांचं भांडण ऐकायला बरं वाटायचं," ती म्हणाली, आणि ताटात बघून जेवायला लागली. विकास आज ताट घेऊन उठला नाही.

मग तिनं विचारलं, "शेवटाला नंबर कुणाचा घालू?"

तिला दिवसभर काम. विकास ड्यूटीवर. मंगल म्हणाली असती, पण साखळीतल्याच बाईला शेवटाला बसवलं तर बाकीच्या बोलणार, हे तूच सांगून ठेवलंयस. मी गेटावरचा माणूस. नाही म्हणण्यात जन्म गेला. पास नाही, आत नाही, बाजूला व्हा. तुझं नाही म्हणणं आणि माझं नाही म्हणणं यात किती अंतर आहे ते मला नीट माहीत आहे. तरी म्हणालो, "माझा घाल."

"आबा, जमेल?"

"न्हाय जमलं तर सांगीन की."

काल इथवर लिहून ठेवलं होतं. आज दुपारी पहिली उरलेली मागणी माझ्या मोबाइलवर आली आणि मी फोन लावला. बारामतीची कुणी तरुण बाई होती. गवार मागितली होती, साखळीत कुणी घेतली नव्हती. मी म्हणालो, "गवार न्हाय." आणि फोन ठेवणारच होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "मावशी नाहीत का? त्यांच्याशी बोलते ना थोडं."

मी म्हणालो, "मावशीबी न्हाय आता. गेली ती. मी तिचा नवरा बोलतोय."

  ती म्हणाली, "मला माहीतच नव्हतं, काका. आमच्या सासूबाई आजारी होत्या, तेव्हा मी अशीच गवार मागितली होती. मावशींनी दिली नाही. म्हणाल्या, आजारी माणसाला नको, दुधी पाठवते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला, सासूबाईंनी खाल्लं का म्हणून. दोन घास खाल्ले म्हटलं, तर मावशीच रडायला लागल्या."

हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. ओट्यावर बसून मी तुझं सगळं बोलणं ऐकतोय असं मला वाटायचं, आणि सकाळचे हे फोन तू कधी करत होतीस कुणाला माहीत. मी रानात असेन. असे आणखी किती असतील, बारामतीत, इंदापुरात, तुझ्या नाही म्हणण्यानं जोडलेले. त्यातलं काही ना काही आता हळूहळू माझ्याकडं येणार. मी फोन नीट कानाला धरला.

"आता कशा हायत सासूबाई?" मी विचारलं.

"बऱ्या आहेत. फिरतात घरातल्या घरात."

"दुधी हाय मंगलकडं, कोवळा. पर जबरदस्ती न्हाय."

ती हसली. मग म्हणाली, "गवारीचं उद्या परत विचारू का, काका?"

"इचारा की. फोन माझ्याकडंच असतोय."

मग मी फोन चार्जिंगला लावला. संध्याकाळी मागण्या जास्त येतात.